फोटोग्राफीचा बाप कोण? (दागेरला फुकटचं श्रेय मिळालंय असं माझं मत)

काळोखी_खोली:
दर १९ ऑगस्टला आमच्या कॅमेरा ग्रुपवर तोच फॉरवर्ड येतो. जागतिक छायाचित्रण दिन, १८३९ साली लुई दागेरने फोटोग्राफीचा शोध लावला, खाली गुलाबाचं फूल. यंदा मी तिथे लिहिलं की बाबांनो, शोध निसेफोर निएप्सचा, तोही त्याच्या बारातेरा वर्षं आधीचा. तर ग्रुपवरच्या एका सीनियर सभासदाने "प्रॅक्टिकल कोणी केलं ते बघा" म्हणून विषय मिटवून टाकला. तिकडे मिटला, म्हणून इथे धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निएप्स १७६५ चा, फ्रान्समधल्या शालाँ गावचा, खाऊनपिऊन सुखी घरातला. क्लोद नावाचा भाऊ, दोघांनाही यंत्रांचं वेड. १८०७ मध्ये या दोघांनी आतल्या आत स्फोट करून चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं, त्यावर नेपोलियनची सही, आणि त्या इंजिनावर सॉन नदीत बोट चालवून दाखवली. म्हणजे माणूस हौशी टिवल्याबावल्या करणारा नव्हता. मग दगडावरून छापायचं लिथोग्राफीचं खूळ आलं, पण साहेबांना चित्र काढता येत नव्हतं. मग प्रकाशानेच चित्र काढून द्यावं असं डोक्यात घेतलं. १८१६ ला चांदीच्या क्षाराचा कागद लावून चित्रं मिळवली, पण उलटी, म्हणजे काळ्याचं पांढरं, आणि ती टिकेनात. मग डांबर घेतलं. हो, डांबर. जुदियाचं नैसर्गिक डांबर लव्हेंडरच्या तेलात विरघळवून प्लेटवर पातळ थर द्यायचा, कॅमेऱ्यात ठेवायची, जिथे ऊन लागलं तिथलं डांबर घट्ट होतं, बाकीचं तेलाने धुतलं की निघून जातं. १८२६-२७ च्या सुमारास सँ-लू-द-वारेन गावातल्या घराच्या खिडकीतून त्याने जे घेतलं तो कॅमेऱ्यातून काढलेला, आजवर टिकलेला पहिला फोटो.

मग दागेर आला. १८२९ च्या डिसेंबरमध्ये दहा वर्षांचा भागीदारी करार झाला, १८३३ ला निएप्स गेला, आणि १८३९ ला जगासमोर काय आलं तर "दागेरोटाइप". कंपनीच्या पाटीवर आधी निएप्सचं नाव होतं, नंतर करार बदलत बदलत त्याच्या मुलाला, इसिदोरला, मागे ढकललं आणि नव्या पद्धतीला दागेरचं एकट्याचं नाव लागलं. इसिदोरने १८४१ ला चिडून पुस्तिका काढली, तिच्या नावातच आहे की या शोधाला दागेरोटाइप म्हणतात ते चुकीचं. आयफेल टॉवरवर ७२ शास्त्रज्ञांची नावं कोरली आहेत, त्यात दागेर आहे, निएप्स नाही. याला काय म्हणायचं?

लेन्सकॅप_हरवलं:
याला पब्लिकला उपयोग झाला असं म्हणायचं :)
भावा, निएप्सबद्दल आदर आहेच पण त्या खिडकीच्या फोटोकडे नीट बघितलंयस का? साधारण १६ बाय २० सेंटीमीटरची कथलाच्या मिश्रधातूची प्लेट, समोरून बघितली तर पत्र्याच्या डब्याचं झाकण, तिरकी धरून उजेडात फिरवली तेव्हा कुठे डावीकडे कबुतरखान्याचा मनोरा, मध्ये कोठाराचं उतरतं छप्पर असलं काहीतरी दिसतं. इमारतींच्या दोन्ही बाजूंना ऊन आहे कारण फोटो निघेपर्यंत सूर्य इकडून तिकडे गेला!! या वेगाने माणसाचा फोटो काढायचा तर माणूस बसवायचा नाही, पुरायचा.

आणि दागेरने काय केलं? डांबर बाजूला ठेवलं. तांब्यावर चांदी चढवलेली प्लेट, तिला आयोडिनची वाफ, कॅमेऱ्यात काही मिनिटं. प्लेटवर काहीच दिसत नाही, ती पाऱ्याच्या वाफेवर धरली की चित्र वर येतं, मग मिठाच्या पाण्याने पक्कं. न दिसणारं चित्र आधी घ्यायचं आणि नंतर केमिकलने वर आणायचं, याला आपण डेव्हलप करणं म्हणतो की नाही? रोल धुवायला टाकलेल्या प्रत्येकाने दागेरचे आभार मानायला हवेत.

काळोखी_खोली:
चांदीची प्लेट कुणाची आयडिया? निएप्सची. आयोडिन कुणी आणलं? निएप्सने. त्याला डांबराच्या चित्रात काळं-पांढरं उठून दिसायला हवं होतं म्हणून तो चांदीला आयोडिनची वाफ देऊन काळं करत होता. दागेरने पार्टनरच्या टेबलावरचं सामान उचललं आणि क्रम बदलला.

लेन्सकॅप_हरवलं:
क्रम बदलला म्हणजे सगळंच बदललं. तुझ्या घरात बेसन, साखर, तूप होतं आणि मी येऊन मोतीचूर वळला, तर लाडू तुझा का?

काळोखी_खोली:
सामान माझं, गॅस माझा, आणि मी मेल्यावर डब्यावर तुझं नाव!

पाटणकर_काकू:
इथे दिवाळीचा धागा आहे की काय :D
पण एक विचारते, हे सगळं जगाला मोफत दिलं असं वाचलेलं, फ्रान्स सरकारने विकत घेऊन? मग भांडण कशाचं?

लेन्सकॅप_हरवलं:
हो काकू. आरागो नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता, खासदारही होता, त्याने ७ जानेवारी १८३९ ला विज्ञान अकादमीत जाहीर केलं, मग सरकारने पेन्शन देऊन पद्धत घेतली आणि १९ ऑगस्टला सगळी कृती उघड केली. दागेरला वर्षाला ६००० फ्रँक, इसिदोरला ४०००. आता धागाकर्ते म्हणतील बघा इथेही लुबाडलं, तर ते वरचे २००० दागेरच्या डायोरामाच्या गुपितांचे होते. डायोरामा म्हणजे प्रचंड पारदर्शक पडद्यांवर चित्रं आणि मागून-पुढून उजेड बदलून सकाळची संध्याकाळ करायची, दागेरचा धंदा तो, पॅरिसमध्ये तिकीट काढून लोक जायचे. १८३९ च्या मार्चमध्ये तो जळून खाक झाला. म्हणजे फोटोच्या शोधाचे दोघांना सारखेच पैसे.

काळोखी_खोली:
मोफत "जगाला" दिलं त्यात एक बारीक अक्षरातली अट होती. १९ ऑगस्टच्या पाच दिवस आधी, १४ ऑगस्टला, लंडनमध्ये दागेरच्या वतीने पेटंट घेतलं गेलं. जगात इंग्लंड येत नव्हतं बहुतेक.

सातारी_सिल्व्हर:
दोघंही चुकताय. तुम्ही दोघं ज्यावर भांडताय तो रस्ता पुढे बंदच झाला. दागेरोटाइप एक म्हणजे एकच निघतो, कॉपी नाही, परत काढायचा तर दागेरोटाइपचाच दागेरोटाइप काढा. आपण ज्याला फोटो म्हणत आलो, निगेटिव्ह एक आणि प्रिंटा हव्या तितक्या, तो टॅल्बटचा. इंग्लंडात लेकॉक अ‍ॅबी म्हणून त्याचं घर, तिथल्या जाळीच्या खिडकीची १८३५ ची निगेटिव्ह आजही आहे, पोस्टाच्या तिकिटाएवढी. त्याच्या छोट्या लाकडी कॅमेऱ्यांना बायको उंदराचे सापळे म्हणायची. आणि हाही चित्र न काढता येणारा! इटलीत कोमो तळ्याकाठी स्केच जमेना म्हणून वैतागून या नादाला लागला. मला तर वाटतं फोटोग्राफी हा चित्रकलेत नापास झालेल्यांनी उगवलेला सूड आहे.

पटत नसेल तर आपल्याकडचं बघा. १८५४ ला मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते, हरिश्चंद्र चिंतामण होते. तोवर दागेरोटाइप मागे पडत चालला होता, निगेटिव्हवरून कागदावर छापायचे दिवस आले होते.

लेन्सकॅप_हरवलं:
टॅल्बटचं नाव काढू नका. त्या माणसाने पेटंटांवर पेटंटं घेऊन इंग्लंडात लोकांना सळो की पळो करून सोडलं. १८५१ मध्ये आर्चर नावाच्या बिचाऱ्याने काचेवरची कलोडियन पद्धत काढली, पेटंट न घेता देऊन टाकली, तर टॅल्बट म्हणतो हीसुद्धा माझ्याच पेटंटात बसते! १८५४ ला कोर्टात हरला तेव्हा सुटले लोक. आर्चर त्यानंतर तीन वर्षांत गरिबीतच वारला.

चहा_कमी_साखर:
तुम्ही बायारला विसरलात. अर्थखात्यातला कारकून, १८३९ च्या जूनमध्येच स्वतःच्या पद्धतीने काढलेले कागदावरचे फोटो पॅरिसमध्ये लोकांना दाखवले, दागेरची कृती उघड व्हायच्या आधी. पण आरागोचं घोडं दागेर, त्यामुळे बायारला ६०० फ्रँक देऊन बोळवण. त्याने काय करावं? स्वतःचाच उघडाबंब, डोळे मिटलेला फोटो काढला आणि मागे लिहिलं की हा बुडून मेलेला बायार, सरकारने दागेरला भरभरून दिलं आणि याला काही नाही म्हणून याने पाण्यात उडी टाकली. १८४० साली. म्हणजे फोटो खोटं बोलतो हेही पहिल्या वर्षातच सिद्ध झालं. माझं मत बायारला, कारकून म्हणून.

खिळेजुळारी:
उशिरा येतोय, रिटायर्ड माणूस आहे, सावकाश वाचतो. मी तीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली सुरुवातीची ब्लॉक मेकिंगमध्ये, म्हणजे चित्रं छापायचे धातूचे ठसे बनवण्यात. तुम्ही सगळे निएप्सला खिडकीच्या फोटोने मोजताय आणि तिथेच गफलत होते आहे.

आम्ही ब्लॉक कसा करायचो सांगतो. जस्ताचा पत्रा घासून लख्ख करायचा, बोट लागता कामा नये नाहीतर तेवढी जागा फुकट. त्यावर सरस आणि बायक्रोमेटचं पाणी ओतून पत्रा गरगर फिरवायचा म्हणजे थर सगळीकडे सारखा बसतो. सुकला की वर निगेटिव्ह दाबून आर्क लॅम्पखाली. उजेड लागला तिथला थर कडक, बाकीचा नळाखाली धुऊन जायचा, आणि मग पत्रा अ‍ॅसिडमध्ये. कडक थराखालचं जस्त वाचतं, उघडं पडलेलं अ‍ॅसिड खातं. पत्रा अ‍ॅसिडात हलवताना फेस यायचा आणि घसा धरायचा, आमच्या हेडमिस्त्रींना त्या आवाजावरून कळायचं की आता काढ. सिनेमाची जाहिरात, लग्नपत्रिकेवरचा गणपती, पेपरातला पुढाऱ्याचा फोटो, सगळं यातून गेलं.

आता निएप्सची कृती वर वाचा. थर, ऊन, धुणं. तोच मनुष्य १८२६ ला कार्डिनल दांब्वाझ नावाच्या धर्मगुरूचं जुनं छापील चित्र घेतो, डांबर लावलेल्या प्लेटवर ठेवून उन्हात धरतो, प्लेट अ‍ॅसिडने खोदवतो आणि पॅरिसच्या लमेत्र नावाच्या एनग्रेव्हरकडून शाई लावून कागदावर प्रती काढवतो. दादा, हा फोटोग्राफर नव्हेच, हा आमच्यातला! पहिला ब्लॉकमेकर. त्याला छापायचंच होतं.

आणि रस्ता बंद झाला म्हणाल तर माझा मुलगा सर्किट बोर्डाच्या कारखान्यात आहे, तिथेही हेच चालतं, थराला नुसतं फोटोरेझिस्ट म्हणतात. मोबाइलमधली चिपसुद्धा याच तत्त्वावर. दागेरची प्लेट म्युझियममध्ये गेली, डांबरवाल्याची तुमच्या खिशात आहे.

सातारी_सिल्व्हर:
काका __/\__
माझ्या टॅल्बटला धक्का लावलात पण मान्य. तरी एक सांगतो, बायक्रोमेट लावलेलं जिलेटिन उजेडाने कडक होतं हे वापरून फोटो खोदायचं पेटंट १८५२ ला टॅल्बटनेच घेतलं होतं. तुमच्या सरसाचा आजोबा तो.

लेन्सकॅप_हरवलं:
काकांचा प्रतिसाद धाग्यापेक्षा भारी. पण बघा, तुम्हीच म्हणताय तो फोटोग्राफर नव्हे! म्हणजे फोटोग्राफीचा बाप दागेर, ब्लॉकचा बाप निएप्स. वाटणी झाली, चला जेवायला.

काळोखी_खोली:
अरे अशी कशी वाटणी! खिडकीतून कॅमेरा लावून बसला होता ना तो?

काकांचं वाचून मात्र एक कबूल करतो. मी निएप्सकडे नेहमी हरलेला माणूस म्हणून बघत आलो. तसा तो हरला होताच, भाऊ इंजिन विकायला इंग्लंडला गेला आणि घरचा पैसा बुडवून भ्रमिष्ट झाला, त्याला बघायला १८२७ ला हा लंडनजवळ क्यूला गेला, बरोबर प्लेटा नेल्या. रॉयल सोसायटीसमोर ठेवायच्या होत्या पण कृती सांगायला तयार नाही म्हणून त्यांनी घेतल्या नाहीत. खिडकीची प्लेट तिथेच बाउअर नावाच्या चित्रकाराला देऊन आला. ती पुढे हरवली आणि १९५२ ला गर्नशाइम या इतिहासकाराला एका ट्रंकेचा माग काढत सापडली, आता टेक्ससच्या विद्यापीठात आहे. इतका कर्जात मेला की कबरीचा खर्च गावाने केला. पण गुपित लपवून लपवून नुकसान त्याने स्वतःचंच केलं, हे दागेरच्या डोक्यावर मारता येत नाही.

पाटणकर_काकू:
आठ तास ऊन खाल्लेला फोटो म्हणतात तो हाच ना?

काळोखी_खोली:
हो, पण आठ तास हा गर्नशाइमचा अंदाज. नंतर त्याच पद्धतीने करून बघणाऱ्यांना कित्येक दिवस लागतात असं दिसलं. आणि पुस्तकात जो ठिपक्याठिपक्यांचा फोटो छापतात तो मूळ प्लेटचा जसाच्या तसा नाही, गर्नशाइमने प्रिंटवर ब्रश चालवून उठाव आणलेला आहे.

लेन्सकॅप_हरवलं:
म्हणजे जगातल्या पहिल्या फोटोलाही फिल्टर. वा.

चहा_कमी_साखर:
अवांतर: गच्चीवर कुणी करून बघणार का? खिडकी नको, नुसतं झाडाचं पान ठेवून. ऑक्टोबर हीट वाया कशाला घालवायची.

काळोखी_खोली:
अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आहे माझ्याकडे. लव्हेंडर तेल ऑनलाइन बघितलं, तोळ्यातोळ्याने विकतात आणि भाव असा की बायको म्हणाली त्यापेक्षा नवीन लेन्स घे. डांबर रस्त्याचं चालेल का? आमच्या कोपऱ्यावर पिंप पडलंय.

खिळेजुळारी:
रस्त्याचं नको, ते धड कडक होणार नाही. आर्टिस्ट लोक एचिंगला वापरतात ते अस्फाल्टमचं पावडर मिळतं का बघा. थर काचेतून पलीकडचं दिसेल इतका पातळ द्या, जाड दिला की वरून कडक आणि खालून चिकट, सगळं एकदमच सोलून येतं. धुवायला आधी स्वस्तातलं टर्पेंटाइन, अगदी जपून. आणि पत्र्याला बोट लावू नका म्हणून सांगितलंय ते विसरू नका.