तांडेलावर (बोटीच्या कप्तानावर) चरस आयातीची केस, बचावाला सुरुवात कुठून करू?

खाडीपलीकडचा:
नमस्कार मंडळी. दापोली-खेड भागात वकिली करतो. आजवर कूळकायदा, वाटप, वारसनोंदी, फार तर चेक बाउन्स. आता ओळखीतून एनडीपीएसची (अमली पदार्थांच्या कायद्याखालची) केस आली आहे. कस्टमने मासेमारी बोट पकडली, बर्फाच्या कप्प्यात चरसची पाकिटं मिळाली, वजन अकरा किलोच्या वर. कलम ८(क) (बंदी), २० (चरस बाळगणं), २३ (आयात) आणि २९ (कट). तांडेल आणि दोन खलाशी आत, मालकालाही आरोपी केलंय पण अटक नाही. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

तांडेलाचं म्हणणं, पाकिटं जाळ्यात आली, बंदरावर पोचल्यावर पोलिसांत देणार होतो. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्याकडे किनाऱ्यावर चरस वाहून आलं होतं, त्यामुळे गोष्ट अगदीच हवेतली नाही. पण कोर्टात एवढ्यावर भागणार नाही हेही कळतं. कलम ५० वर जोर देऊ का? जामीन कुठे मागू? आणि मालक म्हणतोय, चौघांचंही वकीलपत्र तुम्हीच घ्या, फी मी भरतो. एखादा अनुभवी सिनियर सुचवलात तरी चालेल.

हर्णैकर७:
अशा लोकांच्या केसेस घेताच कशाला? पोरं वाया चाललीत गावोगाव.

सेशनचा_बाक:
हर्णैकर, आरोप आणि गुन्हा यांत फरक करायलाच कोर्ट असतं. पुढे.

वकीलसाहेब, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण घाई तिथेच आहे. चौघांचं वकीलपत्र घेऊ नका. उद्या मालक म्हणणार, बोट माझी पण माल कुठून आला ते तांडेलाला ठाऊक. तांडेल म्हणणार, कुठे जायचं ते मालक सांगायचा. खलाशी म्हणणार, आम्ही जाळं ओढतो, कप्प्यात काय आहे आम्हाला काय माहीत. प्रत्येकाचा बचाव दुसऱ्याच्या गळ्याशी येतो. शिवाय मालकाला कलम ६० खाली जप्त बोट सोडवायची आहे, त्यासाठी 'मला कल्पना नव्हती' हे त्यालाच दाखवावं लागतं. फी देणारा एक आणि आत बसलेला दुसरा, हे प्रकरण फार वाईट जातं. खलाशांना ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे.

कलम ५०: नवीन माणूस पहिल्यांदा तिथेच धावतो. ते अंगझडतीपुरतं आहे. पिशवी किंवा वाहनातल्या मालाला ते लागत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००५ च्या पवनकुमार निकालातच सांगितलंय. बोटीच्या कप्प्याला तर नाहीच. तुमचं खरं कलम ४२. कस्टमला आधी खबर होती का? असेल तर ती लेखी हवी आणि ७२ तासांत वरिष्ठांकडे जायला हवी. सूर्यास्तानंतर विनावॉरंट झडती घेतली असेल तर कारणं नोंदवलेली हवीत. सरकारी पक्ष म्हणेल, बंदर सार्वजनिक जागा, कलम ४३ लागतं. त्यावर बूटासिंग (२०२१) वाचा, खाजगी वाहन रस्त्यावर उभं असलं तरी ४३ मध्ये बसत नाही. बोटीला तोच युक्तिवाद लावून बघण्यासारखा आहे.

मग मुद्देमाल. इथे बसून राहा, दिवस घालवा. कलम ५२अ खालची जप्त मालाची यादी मॅजिस्ट्रेटसमोर कधी झाली, नमुने कुणी काढले, सील कुणाकडे होतं, मुद्देमाल रजिस्टरला कुठल्या तारखेची नोंद आहे. चरसचा प्रत्येक नमुना किमान २४ ग्रॅमचा, दोन प्रतींत. आणि वजन! समुद्रातला माल ओला असतो. पंचनाम्यातलं वजन, मॅजिस्ट्रेटसमोरचं वजन आणि सीए रिपोर्टमधलं (रासायनिक तपासणीच्या अहवालातलं) नमुन्याचं वजन एका कागदावर शेजारीशेजारी लिहा. फरक दिसला तर उलटतपासात उपयोगी पडेल. पण फक्त ५२अ वर सगळी मदार ठेवू नका. भारत आंबले (२०२५) मध्ये कोर्टाने स्पष्ट केलंय की नुसत्या त्रुटीने खटला पडत नाही, बाकी पुरावा बघितला जातो.

कस्टमने कलम ६७ खाली घेतलेला कबुलीजबाब असेलच. तोफान सिंग (२०२०) नंतर तो पुरावा म्हणून चालत नाही. तरी पहिल्या संधीला कोर्टात लेखी नाकारून ठेवा.

बंदरपोर:
मी वकील नाही, घरची बोट आहे. 'जाळ्यात आली' म्हणता तर सरकारी वकील पहिलं विचारणार, मग कळवलं का नाही? तटरक्षक दलाचा फोन नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. मोबाईलला रेंज नसली तरी बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबर चॅनल असतो. तांडेलाला हे आत्ताच विचारून घ्या, साक्षीपुराव्याच्या वेळी नको. आणि पाकिटांचे फोटो मागा. दर्यात आठवडाभर तरंगलेल्या वस्तूला शेवाळ धरतं, चिकटपट्टी सुटते, वाळू अडकते. कोरं करकरीत वेष्टन असेल तर तुमची गोष्ट बुडली. आणि बर्फाच्या कप्प्यात कुठे होती? वर मासळीबरोबर का खाली बर्फात पुरून?

सेशनचा_बाक:
बंदरपोर, हा प्रश्न लाखमोलाचा. कलम ३५ आणि ५४ मुळे ताबा सिद्ध झाला की माहिती होती असं गृहीत धरतात, उलट सिद्ध करायचं ओझं आरोपीवर. मात्र नूर आगा (२००८) प्रमाणे ताब्याचा पाया आधी सरकारी पक्षानेच घालायचा. जीपीएस प्लॉटरचा डेटा जपून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. माल १२ सागरी मैलांच्या आतच बोटीवर आला असं निघालं तर कलम २३ च्या आयातीवर भांडता येतं. पण फार हुरळून जाऊ नका, चरसचं व्यापारी प्रमाण १ किलो. कलम २० खालीही तीच दहा ते वीस वर्षं.

खाडीपलीकडचा:
सर, ताई/दादा, मनापासून आभार. जामिनाचं राहिलं.

सेशनचा_बाक:
आधी विशेष न्यायालयात. कलम ३७ आडवं येणारच: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण लागतं. नाकारला तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीचं प्रकरण कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातं, मुंबईची धावपळ वाचली. कोठडीचे १८० दिवस कधी भरतात ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा. तोवर कस्टमची तक्रार (आरोपपत्राच्या जागी असते ती) कोर्टात दाखल नसेल, मुदतवाढही नसेल, तर १८१ व्या दिवशी सकाळीच जामिनाचा अर्ज. दुपारी त्यांनी तक्रार टाकली तर हातातली संधी जाऊ नये. अटकेची कारणं आरोपींना लेखी, कळेल अशा भाषेत दिली होती का तेही बघा. खलाशी नेपाळी असतील आणि कागद मराठीत असेल तर तो मुद्दा वेगळा काढा.

सिनियरचं म्हणाल तर नाव इथे टाकत नाही. जामिनाला मोठं नाव शोधण्यापेक्षा सेशनला एनडीपीएसचे खटले शेवटपर्यंत चालवलेला माणूस धरा. पंचाचा उलटतपास कसा घेता ते विचारा, पाच मिनिटांत कळेल. कोल्हापूरला एकजण आहेत, व्यनि (खासगी निरोप) करतो.

खाडीपलीकडचा:
करा सर. उद्या रत्नागिरीला जेलमध्ये भेट आहे. वकीलपत्रावर फक्त तांडेलाची सही घेतो, मालकाला आजच फोन करून सांगतो.