रविवारी मिस्सा, सोमवारी रिलीज: तुमचं कसं जमतं?

वसईचा बॅकएंडवाला

झावळ्यांच्या रविवारची (पाम संडेची) गोष्ट. मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची देवळातली उपासना, चालू होती. फादरांनी पवित्र भाकर वर उचललेली, सगळे गुडघ्यावर, अख्ख्या देवळात फक्त पंख्यांची घरघर. आणि माझ्या खिशात सायरन. ऑन-कॉलचं ॲप, म्हणजे कंपनीचा सर्व्हर बिघडला की ड्युटीवरच्याला हाक मारणारं, फोन सायलेंटवर असला तरी बोंबलतं, आणि तशी परवानगी मीच देऊन ठेवलेली. झावळी बायकोच्या हातात कोंबून बाहेर पळालो, स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला. डिस्क भरली होती. जुने लॉग (सर्व्हरच्या नोंदी) उडवले, अकरा मिनिटांत सगळं हिरवं. आत आलो तर लोक ख्रिस्तशरीर घेऊन जागेवर परतत होते.

मला लागलं ते वेगळंच. बिघाड पटकन सापडला याचा आनंद आधी झाला, मिस्सा हुकल्याचं वाईट नंतर वाटलं. तेही बायकोचा चेहरा बघून.

म्हणून हा धागा. विज्ञान खरं की देव खरा हा वाद नको, तो शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत करून झालाय. तुमच्या कामात आणि प्रार्थनेत कुठे अडतं, कुठे जुळतं, तेवढं लिहा. स्वतःचं लिहा, मेव्हण्याचं नको.

जुळारी, नगर

आमच्या प्रोटेस्टंट मंडळीच्या (चर्चच्या) गीतांची फाईल पंचवीस वर्षांपूर्वीची, जुन्या डीटीपी फॉन्टमधली. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसता कंसांचा आणि स्वल्पविरामांचा पाऊस. पाळकसाहेब म्हणाले, "तू कॉम्प्युटरमधला आहेस, दोन दिवसांचं काम." दोन वर्षं लागली.

युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसतील अशा अक्षरांत, आणायला स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिली. बहुतेक सगळं सुटलं, पण 'दुसऱ्या', 'तारणाऱ्या' यांतल्या अर्ध्या र ने जीव खाल्ला. हा र दोन तऱ्हांनी लिहितात. एक, नुक्तावाला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही जुळी भावंडं, मशीनला मात्र एकमेकांची ओळखदेख नाही. एका आजींनी टॅबवर 'तारणाऱ्या' टाकून गीत शोधलं, सापडेना. आजी म्हणाल्या, "अरे, मागच्या आठवड्यात तर गायलो!" तिसरा प्रकार म्हणजे सरळ चूक: रफार उडी मारून य च्या डोक्यावर बसतो आणि 'तारणार्या' होतं.

शेवटी सगळं एकाच तऱ्हेत आणणारा नियम लिहिला, पण स्क्रिप्टवर भरवसा नव्हता म्हणून प्रत्येक कडवं डोळ्याखालून घातलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं मला बालपणापासून तोंडपाठ. पाठ असलेलं माणूस वाचत नाही हे तेव्हा कळलं. एका ओळीतला अनुस्वार बरोबर की चूक हे ठरवताना ती ओळ काय म्हणते तेच आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. रात्री दीड वाजता, चहाचा कप शेजारी, आणि डोळ्यांत पाणी. घरच्यांना वाटलं नोकरी गेली.

केडगाव आमच्याकडून लांब नाही. पंडिता रमाबाईंनी तिथे मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि छापखान्यातलं काम आश्रमातल्याच बायका-मुली करायच्या. बाई १९२२ साली गेल्या, अख्खं बायबल बाहेर पडलं १९२४ मध्ये. त्याच्याही आधी गोव्यात फादर स्टीफन्सना १६१६ साली ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापावं लागलं, कारण नागरी खिळेच हाताशी नव्हते. म्हणजे मराठी आणि प्रभूच्या मध्ये फॉन्टचा प्रॉब्लेम चारशे वर्षांचा आहे. माझी दोन वर्षं त्यात किरकोळ.

(तीन गीतांची मूळ पानं वाळवीने खाल्लीत. १९६० च्या आधीची गीतपुस्तिका कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा.)

कॅमेऱ्यामागची

माझी तक्रार उलट आहे. मी देवळात असते, पण मिस्सात नसते.

२०२० च्या मार्चमध्ये देवळं बंद झाली. दुसऱ्याच रविवारी मी, एक उधार ट्रायपॉड आणि भावाचा फोन. मिस्सा यूट्यूबवर. आमची आजी लॅपटॉपखाली इस्त्रीचा पांढरा कपडा अंथरायची, बाजूला मेणबत्ती, अंगावर सणाची साडी. एकदा फादरांचे हात वर गेले आणि नेमकी तेव्हाच गोल चकरी फिरायला लागली. आजी तशीच हात जोडून त्या चकरीकडे बघत बसली. नंतर म्हणाली, "थांबले होते ना फादर, मग मीपण थांबले."

देवळं उघडली, लोक परतले, ट्रायपॉड मात्र राहिला. आजारी माणसं, गल्फमधली मुलं, सगळ्यांना लाइव्ह हवं असतं, आणि हवंच. पण रविवारी माझ्या डोक्यात काय असतं? माइक दोन घरघरतोय. सूर्य खिडकीतून वेदीवर आला, एक्स्पोजर कमी कर. आज ३१२ जण बघतायत, गेल्या रविवारी ३४० होते, का बरं कमी झाले? 'हे प्रभू, मी योग्य नाही' म्हणायच्या वेळी मी ओठ हलवते आणि ऑडिओचा काटा बघते. पाच वर्षं झाली. फादरांना सांगितलं तर म्हणाले, "ही पण सेवाच." सेवा आहे, नाही म्हणत नाही. पण बाकावर बसायची सवय मोडली ती मोडलीच.

मोती

ऑफिसात मला कुणी छळत नाही, फक्त 'तू एवढी लॉजिकल, आणि चर्चला?' असं वर्षातून दोनदा येतं. मी आता उत्तर देत नाही, पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची गोष्ट सांगते. कंपनीतल्या कुणालाच नको असलेली एक जुनी पर्ल स्क्रिप्ट माझ्या गळ्यात पडली होती. वाचायला घेतली तर त्यात 'ब्लेस' नावाचं फंक्शन. हे काय म्हणून शोधलं. भाषा बनवणारे लॅरी वॉल श्रद्धावंत ख्रिस्ती, बायबल भाषांतराच्या कामासाठी नवरा-बायको दोघं भाषाशास्त्र शिकलेले. भाषेचं नाव मत्तयच्या १३ व्या अध्यायातल्या मोलवान मोत्यावरून. त्या नावाची एक भाषा आधीच होती म्हणून स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलं. स्क्रिप्ट मात्र मोत्यासारखी अजिबात नव्हती, तीन आठवडे रडवलं तिने.

नाव नको

वरचं सगळं वाचून लिहू की नको करत होतो. माझं अडणं सायरनचं नाही.

पैसे लावून पत्ते खेळायच्या एका ॲपमध्ये होतो. पगार चांगला, टीम हुशार, डेटा भरपूर. माझं काम नोटिफिकेशनचं: कुणाला, कधी, काय पाठवलं की तो परत येतो. मॉडेलला पगाराची तारीख न सांगता कळत होती. लागोपाठ हरलेल्या माणसाला रात्री ११ नंतर छोटा बोनस दिला की तो हमखास उघडतो, हे मी शोधून काढलं. त्याबद्दल मला टाळ्या आणि बॅकपॅक मिळाली.

त्या वर्षी उपवासकाळात पापनिवेदनाला गेलो. नेहमीची यादी म्हणून झाली, राग, आळस, आईशी उद्धट बोललो. मग का कोण जाणे, तोंडून निघालं, "फादर, मी लोकांना झोपू देत नाही." त्यांना वाटलं शेजाऱ्यांशी भांडण. समजावून सांगायला दहा मिनिटं लागली, मागे रांग खोळंबली. ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "त्यातल्या एकाचं तरी नाव माहीत आहे का तुला?" नव्हतं. आयडी माहीत होते.

लगेच राजीनामा दिला असं लिहायला आवडलं असतं. सात महिने लागले, घराचा हप्ता होता. त्या सात महिन्यांत मी तो ११ नंतरचा नियम काढलाही नाही, फक्त त्यात नवीन भर घालायचं टाळलं. आता एका लॉजिस्टिक्सवाल्याकडे आहे, ट्रकचे मार्ग आखतो, पगार तीस टक्के कमी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदाच आला आणि पैशांचे असे खेळ बंद झाले. जुन्या टीममधल्या पोरांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचे फोन आले. 'मी आधीच सुटलो' असं त्यांना सांगताना अंगावर काटा आला, कारण त्यात थोडी मजा वाटली होती. बॅकपॅक अजून वापरतो. चेन चांगली आहे.

दुबई मुक्काम

आमच्याकडे २०२२ च्या आधी रविवार म्हणजे कामाचा पहिला दिवस. चर्चची गर्दी शुक्रवारी. आता सुट्टी शनिवार-रविवार झाली, तर भारतातल्या टीमचं रिलीज शनिवारी रात्री. सैतान टाइमझोन बघून काम करतो. बाकी बरं चाललंय.

कार्लोच्या नादाला लागलेली आई

मुलगा चौदा वर्षांचा, फोन हाताला चिकटलेला. धर्मशिक्षणाच्या वर्गात कार्लो अक्युटिसबद्दल सांगितलं म्हणून मी हुरळले. जीन्स-स्नीकर्समधला संत, चमत्कारांची वेबसाइट बनवणारा, २००६ मध्ये पंधराव्या वर्षी ल्युकेमियाने गेला, ७ सप्टेंबर २०२५ ला रोममध्ये संत जाहीर झाला. फोटो फ्रिजवर लावला. खाली मोठ्या अक्षरात: 'कार्लो आठवड्याला एकच तास गेम खेळायचा.'

चिरंजीव म्हणाले, "मम्मी, तेव्हा ऑनलाइन मॅच नसायच्या. पॉज करता यायचं."

आता तो वेबसाइट बनवतोय, गावातल्या जुन्या क्रुसांचे फोटो टाकून. म्हणजे तसं मला सांगतो. दार बंद करून बनवतो, मधूनच ओरडतो, "मार, मार, डावीकडे!" क्रुसांच्या कामात एवढा आवाज कशाला लागतो, देव जाणे.

अर्धवेळ उपदेशक

पाळक रजेवर, उपदेश माझ्याकडे, शनिवारचे रात्रीचे दहा. एआयला सांगितलं, क्षमेवर वीस मिनिटांचं लिहून दे. झकास दिलं, वचनांसकट. मी उभं राहून ठासून वाचलं, "योहान अध्याय बावीस, वचन नऊ." पुढच्या बाकावरच्या निवृत्त बाई पानं उलटत राहिल्या, मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. योहानाचं शुभवर्तमान एकविसाव्या अध्यायात संपतं. दारात हात मिळवताना हळूच म्हणाल्या, "भाऊ, पुढचं कुठं मिळतं हो?"

आता शुक्रवारीच बसतो. वही-पेन घेऊन.

वसईचा बॅकएंडवाला

उपदेशक भाऊ, चहा सांडला की हो लॅपटॉपवर! जुळारी, आजोळच्या माळ्यावर एक पेटी आहे, बघून सांगतो. पण आम्ही कॅथलिक, तुमची गीतं त्यात निघतील असं वाटत नाही. 'नाव नको', तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. सध्या एवढंच.

कॅमेऱ्यामागच्या ताई, तुम्ही आमच्याच पट्ट्यातल्या दिसता. पुढच्या रविवारी कॅमेऱ्यावर मी बसतो, तुम्ही आजींशेजारी बाकावर बसा.

कॅमेऱ्यामागची

चालेल. पण तुमचा ऑन-कॉल कधी आहे ते आधी सांगा. माइक दोन सगळं पकडतो.