मदत हवी आहे : नर्सिंगच्या स्किल लॅबसाठी व्हीआर हेडसेट घ्यावेत की मॅनिकिन (सरावाचे पुतळे)?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यातील एका नर्सिंग कॉलेजात प्रसूतिविद्या शिकवते. स्किल लॅब वाढवण्यासाठी आमच्या विश्वस्त मंडळाने यंदा निधी मंजूर केला आहे, परंतु एका विक्रेत्याचे प्रात्यक्षिक पाहिल्यापासून तो सगळा व्हीआर हेडसेटवर, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी रुग्ण दाखवणाऱ्या साधनांवर, खर्च करावा असा मंडळाचा कल झाला आहे. खरेदी समितीची बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. ज्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी किंवा शिक्षकांनी ही साधने प्रत्यक्ष शिकवताना वापरली आहेत, त्यांचा अनुभव मला त्याआधी हवा आहे.

आभासी सरावाचा उपयोग होतो, हे मला मान्य आहे. येल विद्यापीठातून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 16 शिकाऊ सर्जन होते. त्यांतील ज्यांनी आधी सिम्युलेटरवर सराव केला, त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय सोडवण्याचे काम 29 टक्के अधिक वेगाने केले आणि त्यांच्या चुकाही सरासरी सहापटीने कमी झाल्या. गंमत अशी की त्या सिम्युलेटरच्या पडद्यावर पित्ताशय नव्हतेच, साध्या भौमितिक आकृत्या होत्या. पण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन खऱ्या थिएटरमध्येही पडद्याकडेच पाहत असतो आणि त्याच्या हातात तशीच लांब दांड्याची उपकरणे असतात, त्यामुळे तो सराव थेट कामाला येतो. आमच्या विद्यार्थिनींचे काम तसे नाही. सीपीआर देताना, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवताना, छाती 5 ते 6 सेंटिमीटर दाबली जावी लागते, तीही मिनिटाला 100 ते 120 वेळा. हातातला कंट्रोलर नुसता थरथरतो, छातीचा विरोध त्यात कुठून येणार?

प्रात्यक्षिकात आणखी दोन गोष्टी खटकल्या. आमच्या मुलींचे केस नियमाप्रमाणे घट्ट अंबाड्यात असतात, त्यावर हेडसेटचा पट्टा बसेना. एकीने तो हातानेच धरून ठेवला आणि मग तिच्याकडे कामाला एकच हात उरला. दुसरी गोष्ट भाषेची. तो आभासी रुग्ण आपले दुखणे अस्खलित अमेरिकी इंग्रजीत, दहापैकी किती दुखते तेही जोडून, सांगत होता. आमच्याकडे वेल्हे-भोरकडची बाळंतीण ‘सिस्टर, गरगरतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतीया’ एवढेच म्हणते, आणि रक्तस्राव होत असल्याची शंका त्यावरून घ्यावी लागते.

माझा स्वतःचा ओढा मामानॅटली या बाळंतपणाच्या सरावाच्या साधनाकडे आहे. एका कार्यशाळेत मी ते साधन पाहिले. शिक्षिका ते पोटावर बांधून स्वतः बाळंतीण होते, गर्भाशय सैल की घट्ट हे आतून ठरवते आणि लाल पाणी हळूहळू सोडत राहते. पॅड भिजून ते गादीवर उतरू लागले, की विद्यार्थिनीने मोठ्याने मदत मागायची, पोटावरून गर्भाशय चोळायचे, गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून देतात त्या ऑक्सिटोसिनची सूचना मिळाली की मात्रा मोठ्याने परत म्हणायची, आणि हे सगळे चालू असताना बाळंतिणीशी बोलणे थांबवायचे नाही. रक्त 500 मिलिलिटरच्या पुढे गेले हे नजरेने ओळखण्याचा अंदाजही तिथेच येतो. अनेक जणी एकाच वेळी सरावात असतात. हेडसेट मात्र एकीच्या डोळ्यांवर आणि बाकीच्या भिंतीवरचा पडदा पाहत बसलेल्या. तरीही क्वचित येणारे आणीबाणीचे प्रसंग ओळखणे किंवा औषधांचा क्रम ठरवणे यांसाठी व्हीआर उपयोगी पडेल असे मला वाटते, म्हणून एखादा संच घेण्यास माझी हरकत नाही.

तर जाणकारांनी कृपया सांगावे : रुग्णाचे संवाद मराठीत घालून घेता येतील अशी एखादी प्रणाली कोणी वापरली आहे का, आणि ते काम विक्रेता करून देतो की कॉलेजलाच करावे लागते? हेडसेटच्या किमतीखेरीज सॉफ्टवेअरचे वार्षिक शुल्क असते असे ऐकले. पहिल्या वर्षानंतर ते न भरल्यास हेडसेटमधले सरावाचे प्रसंग बंद पडतात का? मॅनिकिनच्या बाबतीत त्वचा आणि फुप्फुसाच्या पिशव्या किती काळ टिकतात, आणि सुटे भाग पुण्यात मिळतात की मुंबईहून मागवावे लागतात?

शिवाय सरावानंतरच्या चर्चेचे काय? कोण काय विसरले, ते का विसरले, हे बोलण्यात खरे शिक्षण होते, आणि ती चर्चा कशी घ्यावी हे आम्हा शिक्षिकांनाच कोणी शिकवलेले नाही. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सिम्युलेशन केंद्रात कोणी प्रशिक्षण घेतले असल्यास तिथे यावर किती भर असतो ते कळवावे. पुणे-पिंपरीतील एखाद्या कॉलेजची लॅब चालू सत्रात पाहायला मिळणार असेल तर मी आणि माझी एक सहकारी कोणत्याही शनिवारी दुपारी येऊ शकतो. पूर्वपरवानगीचे पत्र आमच्या प्राचार्या देतील.