मदत हवी आहे: जर्मनीतला पहिला हिवाळा, दिवसभर घरात एकटी, वेळ जाता जात नाही

ओवी_पुणे

नमस्कार. एर्लांगनला (बायर्न, न्यूर्नबर्गच्या शेजारी) ऑगस्टपासून आहे. नवरा ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना). तो साडेसातला बाहेर पडतो, सहाला येतो. मी बीकॉम, अकाउंट्सचा सहा वर्षांचा अनुभव. जर्मन ए-वन (भाषेची पहिली पायरी) अर्धवट. सप्टेंबरपर्यंत फिरणं, घर लावणं यात दिवस गेले. आता नोव्हेंबर अर्धा झाला, चारनंतर अंधारतं आणि दुपार खायला उठते.

नेमकं विचारते:
१. आत्ता, वर्षाच्या मध्येच, काय सुरू करता येईल?
२. तोडक्या जर्मनवर चालेल असं काय?
३. महिन्याला ५०-६० युरोंच्या आत बसेल का?
४. रविवारी सगळं बंद असतं, त्याचं काय करायचं?

‘छंद जोपासा’ हे सगळेच सांगतात, ते कृपया नको. कुठे जायचं, काय विचारायचं, असं सांगा.

गवतीचहा

ताई, आधी घड्याळ बघू. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन. तुमच्याकडे दुपारचे दोन वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा, सगळे घरी, फोन सुरू. तुमच्याकडे साडेसहा होतात तेव्हा तिथे रात्रीचे अकरा, फोन बंद. म्हणजे दिवसाचा उजेडाचा भाग पुण्याच्या वेळेवर जातो आणि अंधार पडल्यावर आपण एकदम एकटे पडतो. नव्याने आलेल्या बहुतेकांचा कंटाळा इथे मुरतो. फोनला एकच वेळ ठरवून द्या, उदाहरणार्थ दुपारी दोन ते तीन. सकाळ इथल्यासाठी मोकळी ठेवा.

दुसरं म्हणजे करायला काही नाही अशी अडचण सहसा नसते. अडचण ही, की ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच माणसांनी आपली वाट बघावी असं काही नसतं. फिरणं, मालिका, यूट्यूबवरचं विणकाम हे सगळं उद्यावर ढकलता येतं, म्हणून ते आठवडा बांधत नाही. त्यामुळे आठवड्यातून दोन बांधलेल्या वेळा मिळवणं हे पहिलं काम. त्या कुठे मिळतात ते लिहिते.

फोल्क्सहोखशूले, म्हणजे गावाची प्रौढांसाठीची शाळा. सगळे फाउहाएस म्हणतात. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत या शाळांना सरकारने आधार द्यावा असं कलमच होतं, आणि आजही फी आवाक्यात असते. भाषा, शिवण, मातीकाम, चित्रकला, योग, हिशेबाची सॉफ्टवेअर, सगळं असतं. हिवाळी सत्र सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं, उन्हाळी सत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये. नव्या सत्राची यादी साधारण जानेवारीत येते आणि शिवण, मातीकाम हे वर्ग आधी भरतात. आत्ता मध्येच जायचं तर दोन गोष्टी विचारा: चालू वर्गात जागा आहे का, आणि शनिवार-रविवारची एक-दोन दिवसांची कार्यशाळा कोणती आहे. पुरेशी माणसं जमली नाहीत तर वर्ग रद्द होतो, म्हणून एकाच वर्गावर विसंबू नका.

भाषेसाठी आधी इंटिग्रेशन कोर्सची चौकशी करा. ४५ मिनिटांचा एक तास, असे ६०० तास भाषा आणि १०० तास इथला कायदा, इतिहास, समाज. या १०० तासांच्या शेवटी जी परीक्षा असते तिच्यात ३३ प्रश्न असतात, १५ बरोबर आले की पास. कुटुंबासोबत राहण्याच्या परवान्यावर आलेल्यांना या कोर्सचा हक्क असतो, पण परवाना मिळाल्यापासून एका वर्षात तो संपतो. ऑगस्टपासून तीन महिने गेलेच आहेत. आउसलेंडरबेहोर्डेला (परदेशी नागरिकांचं कार्यालय) ई-मेल करून ‘बेरेष्टिगुंग’, म्हणजे कोर्सच्या हक्काचं पत्र, मागा. पदवी आणि कामाचा अनुभव असणाऱ्यांना ‘तुम्हाला गरज नाही’ म्हणून कधी कधी नकार मिळतो. तसं झालं तर फाउहाएसचा स्वखर्चाचा वर्ग. कोर्स मिळाला तर आठवड्यातल्या बऱ्याच सकाळी भरतात आणि हा धागा निम्मा मिटतो.

दीपमाळ

गवतीचहा यांनी वर्गांचं सांगितलं, पण वर्ग संपला की माणसंही पांगतात. ओळखी टिकतात त्या फेराइनमध्ये. फेराइन म्हणजे नोंदणीकृत मंडळ. सात माणसं जमली की नोंदणी करता येते, म्हणून बॅडमिंटन, गायन, बुद्धिबळ, डोंगर, बागकाम, प्रत्येकाचं एक असतं.

थेट सभासद होऊ नका. ‘प्रोबेट्रेनिंग’ किंवा ‘श्नुपरश्टुंडे’ विचारा, म्हणजे एक-दोनदा फुकट येऊन बघणं. वर्गणी बहुधा वार्षिक असते आणि बँकेतून आपोआप वळती होते. सोडायचं असेल तर ठरलेल्या तारखेआधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या वर्षाचीही कापली जाते. सही करण्याआधी ‘क्युंडिगुंग’ (सभासदत्व सोडण्याचे नियम) हा परिच्छेद वाचाच.

भाषा येत नसताना कोणता निवडावा? ज्यात हात किंवा पाय चालतात आणि तोंड कमी चालतं तो. बॅडमिंटन, टेबल टेनिस, टेकड्या चढणं. गायनवृंदसुद्धा चालतो, कारण शब्द कागदावर असतात आणि दर आठवड्याला तेच म्हणायचे असतात. उच्चार आपोआप सुधारतात. गप्पांचा फेराइन मात्र सुरुवातीला टाळा. दोन तास न समजता बसून माणूस आणखी खचतो.

एक अपेक्षा आधीच नीट ठेवा. इथे तिसऱ्या-चौथ्या भेटीतही कुणी घरी बोलावत नाही. तो नकार नसतो. सराव संपल्यावर जे थोडा वेळ खायला-प्यायला बसतात त्यांच्यात बसा, पाणी घेतलं तरी चालतं. ओळख तिथे होते, मैदानावर होत नाही. सोडायचं की नाही ते आठ-दहा वेळा जाऊन ठरवा.

दुसरा रस्ता एहरनआम्ट, म्हणजे बिनपगारी सामाजिक काम. शिवण येत असेल तर रिपेअर कॅफे, म्हणजे बिघडलेल्या वस्तू मिळून दुरुस्त करायची जागा, शोधा. ही कल्पना २००९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सुरू झाली, आता जर्मनीत गावोगावी आहे. चेन बदलणं, शिलाई घालणं याला व्याकरण लागत नाही, आणि बिघडलेली वस्तू समोर असली की बोलायला विषय असतो. मुलांसोबतचं काम घेतलंत तर चारित्र्याचा सरकारी दाखला लागतो. संस्थेचं पत्र असेल तर त्याची फी माफ होते.

खर्चाचं म्हणाल तर वाचनालयाचं कार्ड आणि एक फेराइन मिळून महिन्याला हिशोब केला तर तुमच्या ५०-६० मध्ये आरामात बसतं. महाग पडतात ते जिमचे वर्ष-दोन वर्षांचे करार.

कंदील

वरचं सगळं बरोबर, पण अंधाराबद्दल कुणीच लिहिलं नाही. त्या भागात २१ डिसेंबरच्या आसपास आठनंतर उजाडतं आणि सव्वाचारला सूर्य मावळतो. म्हणजे जेमतेम आठ तास, तेही ढगांखाली. कंटाळ्यातला किती भाग खरोखर कंटाळा आणि किती उजेडाची उपासमार, हे तपासल्याशिवाय बाकीचं करून उपयोग नाही.

रोज दुपारी बारा ते दोनमध्ये अर्धा तास बाहेर. ढग असले तरी जा. ढगाळ दुपारीही बाहेर सहसा हजार-दोन हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, घरात सगळे दिवे लावून काहीशे. पाऊस हे कारण धरलं तर मार्चपर्यंत बाहेर पडणं होत नाही, म्हणून पैसे घालायचेच तर जलरोधक जाकिटात आणि बुटांत घाला.

उजेडाचा दिवा घ्यायचा असेल तर १०,००० लक्सचा. उठल्यावर तासाभरात २० ते ३० मिनिटं. फसतं ते अंतरात: खोक्यावरचा १०,००० हा आकडा जवळून मोजलेला असतो, अनेकदा २०-३० सेंटिमीटरवरून. दिवा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवला तर उजेड कैक पटीने घटतो आणि लोक म्हणतात दिव्याचा उपयोग नाही. थोडा तिरका ठेवा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. संध्याकाळी लावलात तर झोप उडेल. डोळ्यांचा आजार किंवा मूडच्या चढउतारांचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ड जीवनसत्त्व: ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हातून त्वचेत ते पुरेसं तयार होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला ऊन जास्त लागतं. मनाने मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेऊ नका, हाउसआर्ट्झ्टकडे (नेहमीच्या डॉक्टरांकडे) रक्त तपासून घ्या.

आणि ताई, दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, रडू येत असेल, तर त्याला कंटाळा म्हणू नका. हाउसआर्ट्झ्टला तेच शब्द सांगा, तो पुढची चिठ्ठी देतो. रात्री-अपरात्री बोलायला ११६ १२३ हा टेलेफोनझेलझोर्गचा फुकट नंबर आहे, २४ तास.

आंबवण

घरात बसूनच काही हवं असेल तर वेळेला बांधून घेणारं हवं. रायच्या (जर्मन नाव रॉगन) पिठाचं आंबवण लावा. भाकरी येणाऱ्या हाताला हे पीठ ओळखीचं वाटेल: ज्वारीसारखंच, ताणलं जात नाही, मळून त्याला तार येत नाही. आंबट केल्याशिवाय पाव आतून चिकट राहतो, कारण या पिठातली विकरं भाजताना स्टार्च मोडतात. आंबटपणा त्यांना आवरतो.

काचेच्या बरणीत ५० ग्रॅम रॉगन-फोल्कॉर्नमेल (सालीसकट दळलेलं रायचं पीठ) आणि ५० मिली कोमट पाणी. झाकण सैल. २५-२८ अंश ऊब हवी: ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. रोज त्याच वेळी त्यातलं ५० ग्रॅम ठेवून बाकीचं काढा, पुन्हा ५०-५० घाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते एकदम फुगतं, आणि चौथ्या दिवशी मेल्यासारखं सपाट पडतं. इथे बहुतेक जण बरणी धुऊन टाकतात. पहिली फुगवट नको असलेल्या जंतूंची असते. आंबटपणा वाढला की ते मरतात आणि खरं यीस्ट मागून हळूहळू येतं. सहाव्या-सातव्या दिवशी घातल्यापासून सहा-आठ तासांत दुप्पट व्हायला लागलं, वास सफरचंदासारखा आंबट आला, की तयार. बुरशीचा रंगीत ठिपका दिसला तर मात्र सगळं फेका.

आदल्या रात्री वाढवून २०० ग्रॅम आंबवण करा. त्यात ४०० ग्रॅम रॉगनमेल टाइप ११५०, ३०० मिली पाणी, १० ग्रॅम मीठ. चमच्याने कालवा, थालीपिठापेक्षा सैल होईल. हात ओला करून लांबट साच्यात थापा. दोन-तीन तासांनी वर बारीक भेगा आणि छिद्रं दिसली की २४० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर ४० मिनिटं. त्याच दिवशी कापू नका, सुरीला चिकटेल. दुसऱ्या दिवशी कापा.

हिशेबनीस

कामाचं थोडक्यात. तुमच्या परवान्यावर ‘एर्व्हेर्ब्सटेटिष्काइट एर्लाउब्ट’ लिहिलेलं असेल, म्हणजे कुठलीही नोकरी करता येते. पदवीसाठी अनाबिन या संकेतस्थळावर आधी आपलं विद्यापीठ शोधा; ‘एच प्लस’ असेल तर मान्यताप्राप्त. छोटं काम हवं असेल तर मिनीजॉब: २०२५ ची मर्यादा महिना ५५६ युरो, २०२६ ची ६०३. तुम्ही नवऱ्याच्या सरकारी आरोग्यविम्यात फुकट सामील असाल तर मर्यादा सतत ओलांडली की वेगळा विमा घ्यावा लागतो. अकाउंट्ससाठी इथे डाटेव्ह हे सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी चालतं. फाउहाएसच्या यादीत हिशेबाचे वर्ग बघाल तेव्हा हे नाव शोधा.

ओवी_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. परवान्याच्या एका वर्षाचं माहीतच नव्हतं, आजच ई-मेल करते. रिपेअर कॅफे शोधते, शिवण येतं. एकच राहिलं: नाताळात हे सगळंच बंद असेल ना? नवऱ्यालाही तेव्हा सुट्टी आहे, पण दोघांनी घरात बसून काय करायचं?

गवतीचहा

हो. शाळेच्या सुट्टीबरोबर फाउहाएस आणि बहुतेक फेराइन साधारण २३ डिसेंबर ते ६ जानेवारी बंद असतात. ६ जानेवारीलाही बायर्नमध्ये सुट्टी. हेच दोन आठवडे सगळ्यांत लांब वाटतात, म्हणून आत्ताच दिवस ठरवा.

न्यूर्नबर्गचा नाताळ बाजार २४ तारखेला संपतो. गर्दी टाळायची तर त्याआधी, आठवड्याच्या मधल्या दुपारी जा. बायर्न-तिकीट (बायर्नभरच्या साध्या गाड्यांचं एका दिवसाचं तिकीट) दोघांत मिळून काढा, पाच जणांपर्यंत चालतं. आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ पासून, शनिवार-रविवारी आणि सुट्टीला मध्यरात्रीपासून. आयसीई या वेगवान गाडीत चालत नाही आणि तिकिटावर नावं लिहावी लागतात. बांबर्गला एक दिवस: तिथल्या चर्चमध्ये येशूजन्माचे देखावे मांडतात, ते ६ जानेवारीपर्यंत पायी फिरून बघता येतात. आपल्याकडच्या गणपतीच्या देखाव्यांसारखीच हौस. एक दिवस न्यूर्नबर्गच्या गेर्मानिशेस नाट्सिओनालम्युझेउमला. तिथे १४९२ चा मार्टिन बेहाइमचा पृथ्वीगोल आहे, जगातला सगळ्यांत जुना टिकलेला. त्यावर अमेरिका नाही, पण हिंदुस्थान आहे. सोमवारी बंद असतं, आणि सणांच्या दिवशीच्या वेळा निघण्याआधी बघून घ्या. रेल्वेचं संग्रहालयही त्याच शहरात आहे. जर्मनीतली पहिली आगगाडी १८३५ मध्ये न्यूर्नबर्ग ते फ्युर्थ धावली, आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची. रविवारच्या तुमच्या चौथ्या प्रश्नालाही हेच उत्तर: रविवारी दुकानं बंद, पण संग्रहालयं आणि गाड्या चालू.

किराण्याचं आधी बघा. २४ ला दुकानं दुपारी दोनपर्यंतच, मग २५ आणि २६ पूर्ण बंद. शनिवार-रविवार जोडून आला तर आणखी लांबतं. आंबवण लावणार असाल तर पीठ २२ तारखेलाच आणून ठेवा, २३ ला फडताळ रिकामं असतं.