मदत हवी आहे: सेकंडहँड पिस्तूल घेतोय, चांगलं आहे का कसं ओळखायचं? रविवारच्या आत सांगा

यंत्रमागवाला
नमस्कार मंडळी. एक पिस्तूल बघितलंय, पुण्यात आहे, मालक ९० हजार म्हणतोय, दोन वर्षं वापरलेलं नाही पण "एकदम ओके" आहे म्हणे. फोटोत तरी नव्यासारखं दिसतंय. रविवारी जाऊन पैसे देऊन आणायचं ठरलंय, आमच्यात कुणालाच यातलं काही कळत नाही, म्हणून विचारतोय की बघताना नेमकं काय काय बघायचं आणि हे भरवशाचं आहे हे कशावरून समजायचं. दुसरं एक गिऱ्हाईक पण लागलंय त्याच्या मागं म्हणून घाई आहे. प्लीज लवकर सांगा.

माजी_सुभेदार_वाई
यंत्रमागवाले, पहिली गोष्ट, लायसन्स आलंय का हातात? ते नसेल तर बाकी सगळं नंतर. असेल तर माझं ऐका, पिस्तुलाच्या नादाला लागू नका, कानपूरच्या ऑर्डनन्सचं, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्याचं, .३२ रिव्हॉल्व्हर घ्या. माझ्याकडं १९९८ पासून आहे. जुनं रिव्हॉल्व्हर बघताना आधी ते रिकामं आहे याची स्वतः डोळ्यानं खात्री करायची, मग घोडा ओढून धरायचा आणि चक्री बोटानं हलवून बघायची. खडखड हलली तर सोडून द्या, कारण चेंबर नळीच्या सरळ रेषेत आलं नाही की गोळी जाताना कडेला घासून शिशाचे तुकडे उडतात. सहाच्या सहा चेंबरवर हे करायचं, एकावर करून भागत नाही. नळीत उजेड पाडून खड्डे पडलेत का बघा. आणि व्यवहार डीलरमार्फत, लायसन्सवर नोंद करूनच. २०१९ पासून एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, हे पण ध्यानात ठेवा.

मधुरा_के
सुभेदार काका, माहिती छान आहे पण ते कशासाठी घेतायत हे कुठं सांगितलंय त्यांनी? यंत्रमागवाले, स्वसंरक्षणासाठी की खेळासाठी? खेळासाठी असेल तर इव्हेंट कुठला, कुणासाठी, मॉडेल काय? ९० हजारावरून मला तरी एअर पिस्तूल वाटतंय.

यंत्रमागवाला
अहो खेळासाठीच, मुलीसाठी. १० मीटर एअर. मला वाटलं ते कळेलच. मुलगी १४ वर्षांची आहे, दीड वर्ष झालं कोल्हापूरला रेंजवर जातीय, क्लबचंच पिस्तूल वापरते, पण ते चार पोरांत एक आहे. स्टायर एलपी१० आहे हे, बॉक्स, दाबाखालच्या हवेचे दोन सिलिंडर, ते भरायचा अडॅप्टर सगळं देणार आहे. लायसन्स लागतं का याला?? मालक म्हणाला नाही लागत.

गणित_शिकवतो
लायसन्सचं सांगतो. आपल्याकडे २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या आणि .१७७ बोअरच्या (नळीच्या भोकाचं माप) एअरगनला लायसन्स लागत नाही. मॅच पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १५० मीटरच्या आसपास. अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे सहा ज्यूलच्या आतबाहेर. मर्यादेच्या खूप खाली. तरी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि मूळ बिलाची प्रत घ्याच, प्रवासात कुणी अडवलं तर दाखवायला कागद हवा.

दहाचा_ठोका
मी बारा वर्षं एअर पिस्तूल मारतोय, त्यातली चार दुसऱ्यांना शिकवण्यात. यंत्रमागवाले, तुम्ही ९० हजाराचं सांगितलंत आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगितलंच नाही. सिलिंडरवर तारीख काय आहे? फोटोत झूम करून बघा, अंगावर महिना आणि साल कोरलेलं असतं.

यंत्रमागवाला
एकावर २०१४ दिसतंय, दुसऱ्यावर २०१९. का?

दहाचा_ठोका
कारण कंपनीनं त्याचं आयुष्य बनवल्यापासून १० वर्षं दिलंय. २०१४ चा संपला, मॅचला इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्य तपासणीला, तपासला तर चालत नाही, आणि नियमात जबाबदारी खेळाडूची आहे, दुकानदाराची नाही. म्हणजे तुम्हाला एकच सिलिंडर मिळतोय, तोही २०२९ पर्यंत. ही रक्कम किमतीतून कापून मागा.

स्कूबा_मालवण
मला हे पटत नाही. आमचे डायव्हिंगचे सिलिंडर हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करून कितीतरी वर्षं चालतात. धातूला कॅलेंडर कळत नाही. टेस्ट करून घ्या, टाकून काय देताय.

दहाचा_ठोका
भाऊ, तुमचा सिलिंडर त्यासाठीच बनवलेला आहे, त्याच्यावर टेस्टचा शिक्का मारता येतो. हा बोटाएवढ्या जाडीचा अल्युमिनियमचा नळा २०० बारला भरलेला, १४ वर्षांच्या मुलीच्या मनगटापुढे सहा इंचावर असतो. ज्यानं बनवला तोच दहा वर्षं म्हणतोय तर मी अकरावं वर्ष माझ्या विद्यार्थ्याला काढू देणार नाही. यावर मी वाद घालणार नाही.

स्कूबा_मालवण
मुलीचा विचार करता मान्य. मग दुसरं सांगतो, ते तर माझ्याच धंद्यातलं आहे: हवा कुठून भरणार? हवा कोरडी आणि गाळलेली लागते. आणि चुकून पण ऑक्सिजन भरू नका, ग्रीसचा थेंब जरी असला तरी पेट घेतो.

यंत्रमागवाला
पंक्चरवाल्याकडं नाही का भरता येत?

स्कूबा_मालवण
नाही हो. त्याचा कॉम्प्रेसर दहा बारपर्यंत जातो, तुम्हाला लागतात २००. एक तर मोठ्या डायव्हिंग सिलिंडरवरून अडॅप्टरनं भरा नाहीतर हातपंप घ्या. रेंजवर सोय असतेच.

इलेक्ट्रॉनिकच_घ्या
एवढा खटाटोप करण्यापेक्षा मोरिनी कंपनीचं घ्या, इलेक्ट्रॉनिक ट्रिगर. एकदा हाताला लागला की मेकॅनिकलवर परत जावंसं वाटत नाही, काच फुटावी तसा सुटतो. माझा स्कोअर तीन महिन्यांत ५४० वरून ५५८ वर गेला.

दहाचा_ठोका
त्या तीन महिन्यांत तुम्ही सराव किती केलात ते पण सांगा ना. ट्रिगर छान आहे, नाकारत नाही. पण बॅटरी आली, सर्किट आलं, आणि ते बिघडलं तर कोल्हापुरात उघडून देणारा माणूस आहे का? टोकियोला २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचं लिव्हर पात्रता फेरीत तुटलं, वेळ गेला, ५७५ करून बारावी आली आणि फायनल हुकली. तिच्यासोबत अख्खी टीम होती तरी. तीच मुलगी पॅरिसला दोन ब्राँझ घेऊन आली, पण ती वीस मिनिटं परत नाही मिळाली. गावाकडच्या पोरीनं जे गावाजवळ दुरुस्त होतं तेच वापरावं, हे माझं मत.

इलेक्ट्रॉनिकच_घ्या
लिव्हर तर मेकॅनिकलला पण असतं सर. मग त्यात इलेक्ट्रॉनिकचा काय दोष?

दहाचा_ठोका
हे बरोबर बोललात, लिव्हरचा दोष ट्रिगरवर नको ढकलायला. माझा मुद्दा दुरुस्तीचा आहे, तेवढाच धरा.

राधानगरी_एक्स्प्रेस
स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला ब्राँझ घेतल्यापासून आमच्या भागात घरटी एक पोरगं रेंजवर जायला लागलंय. चांगलंच आहे. पण तो रायफलचा, ५० मीटरचा, आणि त्याच्यामागं किती वर्षं होती ते कुणी बघत नाही. कोल्हापूरनं पिस्तुलात राही सरनोबत दिली, २०१३ ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपला सुवर्ण, २०१८ ला पालेमबांगला एशियन गेम्सचं सुवर्ण. पोरीला ते व्हिडिओ दाखवा. पिस्तूल नंतर घ्या, अजून वर्षभर क्लबचंच मारू दे.

मधुरा_के
पिस्तूल घ्यायचं की नाही हे त्यांनी विचारलंय का दादा? चार पोरांत एक म्हटल्यावर तिच्या वाट्याला आठवड्यातून किती गोळ्या येत असतील.

यंत्रमागवाला
बरोबर बोललात ताई. एका दिवशी वीस गोळ्या मारून बसून राहते. क्लबमधलं उजव्याचं आहे, ही डावरी, कशीबशी धरते. म्हणून तर घाई करतोय. आता मला कुणीतरी तपासायचं कसं ते सांगा, रविवार परवावर आलाय.

दहाचा_ठोका
थांबा. मुलगी डावखुरी आहे??? हे आत्ता सांगताय? विकायचं पिस्तूल उजव्याचं की डाव्याचं?

यंत्रमागवाला
तसं काही असतं का? पिस्तूल ते पिस्तूल, कुठल्या पण हातात धरता येतं असं वाटलं. मालकाला विचारतो.

यंत्रमागवाला
उजव्याचं आहे. साइज लार्ज.

दहाचा_ठोका
म्हणजे ग्रिप (मूठ) बदलावीच लागणार, डाव्याची, तिच्या हाताला स्मॉल किंवा मिडियम. ग्रिप वेगळी मिळते, पण बाहेरून येते, वेळ जातो आणि पैसा पण. तळव्याखालचा फळीसारखा भाग वरखाली होतो, पण बोटांचे खाचे उलटे कसे करणार? लार्ज ग्रिप तासून बारीक करतात लोक, पण उजव्याची डाव्याची होत नाही. क्लबचं उजव्याचं धरून धरून तिच्या मनगटाला जी सवय लागली असेल ती पण मोडावी लागेल.

आता तपासायचं सांगतो, नीट वाचा. शनिवारीच मालकाला सांगून २०१९ चा सिलिंडर पूर्ण भरून पिस्तुलाला लावून ठेवायला सांगा, काट्याचा फोटो मागवा. दुसऱ्या दिवशी गेल्यावर काटा जागेवर हवा, खाली आला असेल तर कुठूनतरी गळतंय. घरी नाही, रेंजवर भेटायचं, आणि रेंजवाल्यांकडे क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, आहे का आधी विचारायचं. दहा गोळ्या मारून वेग लिहून काढा, त्यांच्यातला फरक सेकंदाला तीन-चार मीटरच्या आत राहिला तर ठीक. मग पिस्तूल बाजूला ठेवून पंधरा मिनिटं चहा प्या आणि परत एक गोळी मारा. ही गोळी बाकीच्यांपेक्षा जोरात गेली तर रेग्युलेटर (दर गोळीला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) सरकतोय, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी आतला दाब हळूहळू वर चढतोय. हे विकणारा कधी सांगत नाही कारण बऱ्याचदा त्याला पण माहीत नसतं. मॅचमध्ये साइटरनंतर, म्हणजे सुरुवातीच्या सरावाच्या गोळ्यांनंतर, थांबलात की पहिली गोळी वर जाते आणि पोरगी स्वतःला दोष देत बसते. माझी एक विद्यार्थिनी चार महिने रडली याच्यापायी, शेवटी दोष एका रबराच्या रिंगचा आणि रेग्युलेटरच्या आतल्या सीटवरच्या घाणीचा निघाला.

ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगून बघा, नळी सरळ वर उभी करून, उचललं गेलं पाहिजे, सुटता कामा नये. छर्रा ठेवतो तिथली छोटी काळी रिंग बघा, तिची भुकटी झालेली दिसली तर बदलायची, ते स्वस्त आहे, घाबरू नका. नंतर पक्क्या टेकूवर ठेवून दहा गोळ्या, दोन-तीन कंपन्यांच्या छर्ऱ्यांनी. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, चांगलं पिस्तूल टेकूवरून त्याच्या आत एकाच फाटलेल्या भोकात सगळं घालतं. बॉक्समध्ये फॅक्टरीचं टेस्ट कार्ड असेल, त्यावरचा नंबर आणि पिस्तुलावरचा नंबर एकच आहे का जुळवा.

माजी_सुभेदार_वाई
हे सगळं रिव्हॉल्व्हरला पण लागू आहे बरं का. टेकूवर मारल्याशिवाय हत्यार विकत घेऊ नये, आमच्या वेळी असंच शिकवायचे. पोरीला आशीर्वाद सांगा.

मधुरा_के
आणि मुलीला बरोबर न्या. पैसे तुमचे असले तरी हात तिचा आहे.

यंत्रमागवाला
अपडेट देतो. काल जाऊन आलो, पोरगीला घेऊन. मालक भला माणूस, पोरगा इंजिनिअरिंगला गेला म्हणून विकतायत, रेंजवर यायला लगेच तयार झाले. काटा रात्रभर हलला नव्हता. क्रोनोग्राफवर दहा गोळ्या: १४८, १४९, १४९, १४८, १५०, १४९, १४८, १४९, १४९, १४८. मी तर खूश झालो, खिशात हात घातलाच होता. पोरगी म्हणाली पप्पा चहा. चहा पिऊन आलो आणि एक मारली तर १५७. परत पाच मारल्या, १४९ वर आलं. परत थांबलो, परत १५६. मालक पण बघत राहिले, त्यांना खरंच माहीत नव्हतं, म्हणाले पोरगा नेहमी म्हणायचा पहिली गोळी वर जाते, आम्ही त्यालाच ओरडायचो. ते बोलताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

टेकूवरून ग्रुप मात्र भारी आला, एका छर्ऱ्यानं तर रुपयाच्या नाण्यातल्या आकड्याएवढा. कार्डचा नंबर जुळतोय. ते म्हणाले रेग्युलेटर सर्व्हिस करून देतो आणि जुना सिलिंडर धरून ७२ हजाराला घ्या, घाई नाही, दुसऱ्या गिऱ्हाईकाला पण हे सांगूनच दाखवीन. सर्व्हिस होऊन आलं की परत क्रोनोग्राफवर बघू आणि मग पैसे, असं ठरलंय. ठोका सर, तुमचे उपकार आहेत.

आता एकच राहिलं. स्टायर एलपी१० ची डाव्या हाताची ग्रिप, स्मॉल किंवा मिडियम, कुणाकडं पडून आहे का? पोरीच्या तळव्याचा माप काढून ठेवलाय, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंत १६ सेंटिमीटर, रुंदी साडेसात. एवढ्याला कुठली साइज बसेल?

दहाचा_ठोका
मापावरून स्मॉल वाटतीय, पण ती वाढत्या वयाची आहे, मिडियम घेऊन आतून लाकडाची पुट्टी भरा, दोन वर्षांनी तासून काढता येईल. हाताचा कागदावर आउटलाइन काढून मला मेसेज करा. नाशिकला एक डावरा पोरगा आहे, त्यानं ग्रिप बदललीय असं ऐकलंय, विचारून सांगतो.