सन्मान निधी सातबाऱ्याला की कसणाऱ्याला?

बांधकरी:
केंद्राच्या 'पीएम किसान सन्मान निधी'चे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या 'नमो शेतकरी महासन्मान निधी'चे ६,०००, असे १२,००० रुपये शेतकऱ्याला मिळतात. शेतकरी म्हणजे कोण, तर ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे तो. आमच्या भागात बरीच जमीन बटईने (पिकाच्या वाट्यावर) नाहीतर ठोक्याने (ठरलेल्या रकमेवर) दिलेली. पेरणी, फवारणी, खताची उधारी बटईदाराच्या डोक्यावर. हप्ता जमा झाल्याचा मेसेज मात्र पुण्यातल्या मालकाच्या मोबाईलवर. सोयाबीन हमीभावाने घालायचं तर खरेदी केंद्रावर नोंदणी मालकाच्या सातबाऱ्याने, पैसेही त्याच्याच खात्यात. मग बटईदार रोज मालकाला फोन करणार, "दादा, जमा झाले का?" माझं मत सरळ आहे: पैसे कसणाऱ्याला द्या.

गावठाण:
कसणारा कोण हे ठरवायचं कुणी, तलाठ्याने? बटई तोंडी असते. या साली हा, पुढच्या साली तो. मालक कागद करत नाही कारण कूळकायदा. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली आणि ज्यांची जमीन गेली ती घरं अजून ते विसरलेली नाहीत. बटईदाराचं नाव लावा म्हटलं तर मालक रान पडीक ठेवील, पण देणार नाही. १२,००० च्या नादात बिचाऱ्याची बटईच जायची.

बांधकरी:
म्हणून तर आंध्रने २०१९ मध्ये वेगळा कायदा केला. ११ महिन्यांचा करार, कसणाऱ्याला कार्ड, त्यावर पीककर्ज आणि मदत. मालकीला धक्का नाही.

गावठाण:
आणि त्या करारावर सही कुणाची लागते? मालकाचीच ना! पीकविम्यात आपल्याकडेही भाडेकरूला सोय आहे, नोंदणीकृत करार जोडायचा. किती बटईदार त्यासाठी मालकाला घेऊन दुय्यम निबंधकाकडे गेलेले पाहिलेत? शिवाय मदत कसणाऱ्याला मिळतेय म्हटल्यावर मालक पुढच्या पाडव्याला ठोका वाढवून मागणार. पैसा फिरून त्याच्याच खिशात.

माळरान:
तुम्ही दोघांनी मालक म्हणजे बंगलेवालाच धरलाय. आमच्या आत्याची दीड एकर आहे. नवरा गेला, मुलगा नाही, गुडघे धरलेत. बटईने देते म्हणून ती शेतकरी नाही का? २,००० चा हप्ता आला की आधी बीपीच्या गोळ्या, मग किराणा. सरकारी नोकरदार आणि आयकर भरणारे नियमाने वगळलेलेच आहेत. चाळणी लावायची तर तिथे नीट लावा, हिच्या ताटातलं कशाला काढता?

कापूसकोंड्या:
सगळेच चुकीच्या खिशात हात घालताय. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात बरेच दिवस चार-सव्वाचार हजारांच्या आसपास भाव. क्विंटलमागे ६०० गेले धरा. २० क्विंटल विकले की तुमचे १२,००० साफ. एका हाताने काढून घ्यायचं, दुसऱ्याने 'सन्मान' करायचा! भाव द्या, निधी नको.

माळरान:
दीड एकरात २० क्विंटल पिकवून दाखवा, मग बोलू. जिच्याकडे विकायलाच थोडं आहे तिला भाव वाढून काय मिळणार?

बांधकरी:
बरं, निधी राहू द्या आत्यांना. पण गारपिटीचं अनुदान? ते तर पिकाच्या नुकसानीचं असतं. बियाणं, खत बटईदाराचं गेलं, मग पैसे सातबाऱ्यावरच्या नावाला का? निम्मे वाटून देणारे मालक आहेत, नाही असं नाही, पण ती त्यांची मर्जी. हक्क नाही.

गावठाण:
हे पटतं. पंचनाम्याच्या वेळी शेतात उभा असतो तो बटईदारच. तिथेच त्याचं नाव, खातेनंबर लिहून घ्यायला हरकत नाही. फक्त मालक बांधावर उभा असताना लिहून दाखवा.