कताना: हजार घड्या आणि बंदुकीची नळी

घणऐरण:
घरच्या ग्रुपवर काकांचं फॉरवर्ड आलंय: ‘जपानी तलवारीला, म्हणजे कतानाला, हजार घड्या असतात, ती बंदुकीची नळीही कापते.’ अहो, दर घडीला थर दुप्पट होतात. पंधरा घड्यांतच ३२,७६८ थर! पुढचा हिशोब काकांनी करावा.

मुळात घड्या घालतात त्या नाइलाजाने. लोहवाळू आणि कोळसा तातारा भट्टीत तीन दिवस, तीन रात्री जाळून जो गोळा निघतो, त्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी, मध्ये मळी. ठोकून-दुमडून ते सारखं करायचं. कणीक मळतो तसंच. शिवाय रणांगणावर धनुष्य आणि भाला, १५४३ नंतर बंदुका. तलवार आपली कमरेला, अडीनडीला.

रात्रपाळी:
‘नाइलाज’ पटलं नाही. जपानच्या चुगोकू भागातल्या चांगल्या लोहवाळूत गंधक आणि फॉस्फरस कमी असतात. माल टाकाऊ नव्हता. आणि खरी करामत घड्यांत नाहीच, पाणी देण्यात आहे. पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ. तापवून पाण्यात बुडवली की धार झटकन थंड होऊन कडक होते, पाठ चिवट राहते. तलवारीचा बाकही बराचसा तिथेच येतो. थर्मामीटर नसताना, तापल्या लोखंडाचा रंग बघून!

घणऐरण:
करामत मान्य, पण किंमत बघा. कडक धारेची चिलखतावर कपची उडते. पाठ वाकली की वाकलेलीच राहते. युरोपातली स्प्रिंगसारखी पाती वाकून परत सरळ होत.

भटकभवानी:
जपानमध्ये नागोयात असताना दोन वर्षं कताना चालवायला शिकले. ओल्या चटईच्या गुंडाळीवर माझा वार जरा तिरपा बसला आणि पातं वाकलं. सरांचं होतं. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हा घणऐरण, वाकण्याबद्दल तुमचं खरं.

पण चिलखताचं काय घेऊन बसलात? एदो काळात (१६०३ ते १८६८, बराचसा शांततेचा) रस्त्यावर चिलखत घालून कोण फिरत होतं? कताना कमरेला धार वर करून खोचतात, त्यामुळे उपसणं आणि वार एकाच हालचालीत होतं. दारात, जिन्यात, अचानक कोणी अंगावर आलं तर भाला घेऊन काय करणार? ‘उपयोग’ म्हणताना कुठे आणि कोणावर, ते आधी ठरवा.

काडीपेटी:
धोप आणि दांडपट्टा धाग्यावर यायच्या आत पळतो :)

घणऐरण:
जिन्यातला मुद्दा घेतला. पण मग तो कौशल्याचा विजय, पोलादाचा कुठे?

रात्रपाळी:
पातं तिरप्या वारानेच वाकलं ना? मग दोष पोलादाचा तरी कसा?

भटकभवानी:
दोष माझा होता. पण ती नळी मात्र काकांनीच कापून दाखवावी.